माझं हेलिकॉप्टर फारच आज्ञाधारक आहे! सिम्युलेटरमध्ये खरं उड्डाण कसं आणायचं?

गरगरीत
मंडळी, रिकाम्या वेळात फ्लाइट सिम्युलेटरसाठी एक हेलिकॉप्टर लिहायला घेतलंय. हलकं, दोन पात्यांचं, पिस्टन इंजिनवालं, साधारण रॉबिन्सन आर२२च्या मापाचं. बाहेरचं मॉडेल, कॉकपिट, आवाज सगळं झालं. उडतंही. पण स्टिक पुढे केली की पुढे जातं, सोडली की जागच्या जागी थांबतं. ड्रोन झालाय त्याचा.

सध्या आत एवढंच आहे: मुख्य रोटरचा थ्रस्ट कलेक्टिव्हच्या (वर-खाली नेणाऱ्या दांडीच्या) प्रमाणात, सायक्लिक (दिशेची स्टिक) दिलं की तो थ्रस्ट तिरका, टेल रोटरच्या नावाने नाक फिरवणारा एक टॉर्क, आणि वेगानुसार ड्रॅग. आरपीएम कायम एकच.

यात अजून काय घातलं म्हणजे खरं वाटेल? सगळंच घालणं माझ्या आवाक्यात नाही, तेव्हा आधी कशाला हात घालू? आणि दुसरा प्रश्न, 'खरं' म्हणजे 'अवघड' असंच असतं का?

भिरभिरे
सोपंय. स्टिक सोडली की उलटं होऊन जमिनीत घुसेल असं करा आणि वर्णनात 'अत्यंत वास्तव' लिहा. पाचपैकी पाच तारे मिळतील.

मी_ढग
थोडा रँडम नॉइज टाकून बघा ना. तिन्ही अक्षांवर बारीक बारीक धक्के. मी एका क्वाडकॉप्टरच्या गेममध्ये केलं होतं, एकदम जिवंत वाटायला लागलं.

शेपूटपंखा
@मी_ढग, नॉइजला माझा ठाम विरोध. हवेतली गडबड वेगळी, यंत्राचा स्वभाव वेगळा. वारा पूर्ण पडलेला असतानाही हेलिकॉप्टर हातातून निसटू पाहतं आणि त्याला दर वेळी कारण असतं. नॉइजमध्ये पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाजच बांधता येत नाही. खऱ्या यंत्रात बांधता येतो, म्हणून तर माणसं ते शिकू शकतात.

@गरगरीत, तुमचे कंट्रोल एकमेकांशी बोलतच नाहीत, दुखणं ते आहे. वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरणारा रोटर धरू. कलेक्टिव्ह ओढला, पात्यांचा कोन वाढला, ड्रॅग वाढला, टॉर्क वाढला, नाक उजवीकडे निघालं. म्हणून डावं पेडल. त्याने टेल रोटरचा रेटा वाढला आणि अख्खं यंत्र उजवीकडे सरकू लागलं. म्हणून सायक्लिक जरा डावीकडे. आता थ्रस्टचा थोडा भाग आडवा गेला, उंची घटली. पुन्हा कलेक्टिव्ह. टेल रोटरनेही जास्तीची शक्ती खाल्ली, त्यामुळे इंजिनावर आणखी भार. हे सगळं नुसतं बळांच्या हिशेबातून आपोआप येतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. फक्त टेल रोटर म्हणजे 'नाक फिरवणारा टॉर्क' हे काढून टाका आणि शेपटीच्या टोकाला, त्याच्या खऱ्या उंचीवर, एक खरं बळ लावा.

झालं की नाही हे ओळखायची खूण: हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबलेलं असताना, डावं स्किड (खालची बसायची दांडी) किंचित खाली असलं पाहिजे. दोन्ही स्किड एका पातळीत दिसली तर आडवा रेटा कुठेतरी हरवलाय.

काठावरचा
+१. स्किडची खूण भारी आहे. लगेच जाऊन माझ्याकडची हेलिकॉप्टरं तपासली. एक सरळ उभं राहतं. नाव सांगत नाही, आतापर्यंत आवडतं होतं.

वाचनमात्र
अडाणी प्रश्न. कलेक्टिव्ह आणि सायक्लिक दोन्ही पात्यांचा कोनच बदलतात ना? मग फरक काय?

त्रिज्या
@वाचनमात्र, अजिबात अडाणी नाही. कलेक्टिव्ह सगळ्या पात्यांचा कोन एकदम, सारखाच बदलतो. सायक्लिकमुळे तोच कोन प्रत्येक फेरीत कमीजास्त होतो: एका बाजूने जाताना जास्त, समोरच्या बाजूने जाताना कमी. गंमत म्हणजे पातं सर्वांत वर उचललं जातं ते जास्त कोनाच्या जागी नाही, तर साधारण ९० अंश पुढे गेल्यावर. स्वॅशप्लेट आणि पिच लिंक (स्टिकची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारे भाग) यांची मांडणीच हे धरून केलेली असते, पायलटला त्याचा विचार करावा लागत नाही. मॉडेल लिहिणाऱ्याला मात्र करावा लागतो.

आता @गरगरीत. सायक्लिक दिल्याबरोबर थ्रस्ट तिरका होतो यात फारसं चुकीचं नाही. डिस्क, म्हणजे फिरत्या पात्यांची तबकडी, खरोखरच पटकन कलते. तिचा टाइम कॉन्स्टंट साधारण १६ भागिले लॉक नंबर आणि रोटरच्या कोनीय गतीचा गुणाकार. बेल २०६चा रोटर ३९४ आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला ४१ रेडियन. लॉक नंबर (पात्यावरचं हवेचं बळ आणि पात्याचं जडत्व यांचं गुणोत्तर) ६ धरला तर उत्तर येतं ०.०६५ सेकंद. हाताला कळणारही नाही.

वेळ लागतो तो त्यानंतर. डिस्क कलते, तिच्यामागून धड कलतं, मग वेग येऊ लागतो, मग कुठे जागा बदलते. पायलटच्या डोळ्यांत भरते ती जागा, साखळीतली शेवटची कडी. तोवर नवख्याने स्टिक आणखी दिलेली असते. तळहातावर काठी उभी धरताना होतं तेच: काठी पडताना दिसली तेव्हा हात हलवला तर उशीर झालेला असतो.

तुमचं यंत्र स्टिक सोडताच थांबतं याचा अर्थ ड्रॅग भरमसाठ ठेवलाय किंवा स्टिक कुठेतरी थेट वेगाला जोडलीय. हॉवरच्या आसपास धडाचा ड्रॅग नगण्य असतो. स्टिक मध्यावर आणली तरी यंत्र सरकत राहायला हवं. थांबवायचं तर उलट द्यायची आणि थांबण्याच्या आधीच काढून घ्यायची.

उंटावरचा
एवढं सगळं करून खेळणार किती जण? लोकांना उंच इमारतीच्या गच्चीवर उतरायचं असतं. लॉक नंबर वगैरे कोणी विचारत नाही. मजा येते का ते बघा, बाकी सोडा.

भिरभिरे
उंटावरून हेलिकॉप्टर हाकू नका हो.

डावापेडल
बरीच वर्षं खरी हेलिकॉप्टरं उडवली, आता निवृत्त आहे, म्हणून दोन शब्द.

@गरगरीत, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. खरं म्हणजे अवघड असं नाही. मी पहिल्यांदा घरच्या सिम्युलेटरवर बसलो तेव्हा हॉवर करताना लाज वाटावी असा नाचलो. कारण खऱ्या यंत्रात नाक जरा हललं की ते आधी बुडाला कळतं, डोळ्यांना नंतर. खुर्ची, पोट, कान, कोपऱ्यातून दिसणारी जमीन, सगळं एकदम सांगत असतं. पडद्यासमोर यातलं काहीच नाही. मग काही मॉडेल लिहिणारे वरून आणखी चपळपणा घालतात, त्यांना वाटतं हेलिकॉप्टर म्हणजे घाबरट जनावर. आर२२ चपळ आहे हे खरं, पण भरलेलं मोठं हेलिकॉप्टर तर चक्क आळशी असतं.

मला मॉडेलचा खरेपणा कळतो तो हॉवरमध्ये नाही, टेकऑफमध्ये. सांगतो कसा. हॉवरमधून सायक्लिक किंचित पुढे. आधी यंत्र थोडं खाली बसतं, कारण थ्रस्ट पुढे झुकला आणि जमिनीवर दाबलेली हवा मागे सुटली. १० नॉटच्या पुढे अंगात एक थरथर येते आणि नाक उजवीकडे कलू लागतं, म्हणून सायक्लिकला थोडं डावीकडे. मग १६ ते २४ नॉटच्या दरम्यान रोटर स्वच्छ हवेत शिरतो. कलेक्टिव्हला हात न लावता यंत्र वर उचललं जातं, त्याच वेळी नाकही वर जायला बघतं आणि तुम्ही स्टिक आणखी पुढे ढकलता. ढकलली नाही तर वेग तिथेच मरतो. पुढे वेग वाढला की शेपटीचा उभा पंख काम करू लागतो आणि डाव्या पायावरचा जोर कमी होतो. ही सगळी मजा काही सेकंदांची. ज्या सिम्युलेटरमध्ये हे क्रमाने घडतं त्याला मी बाकी बरंच माफ करतो.

आणि हो, ५०-६० नॉटला हलक्या हेलिकॉप्टरला सर्वांत कमी शक्ती लागते. हॉवरला जास्त, तिथे कमी, पुढे परत जास्त. हा खोलगट आलेख तुमच्या मॉडेलमधून निघत नसेल तर अजून काम बाकी आहे.

काठावरचा
दंडवत काका. हा प्रतिसाद साठवून ठेवतोय.

शेपूटपंखा
@डावापेडल, सुंदर वर्णन. एक दुरुस्ती, रागावू नका: त्या वेगाला नाक उजवीकडे 'कलतं' म्हणजे यंत्र उजवीकडे रोल होतं, नाक वळत नाही. डिस्कच्या पुढच्या भागाला स्वच्छ हवा मिळते, मागच्या भागाला आधीच खाली ढकललेली. पुढे लिफ्ट जास्त, परिणाम ९० अंश पुढे म्हणजे डावी बाजू वर. लिहिणाऱ्याने नाक वळवून ठेवलं तर पंचाईत.

डावापेडल
रोलच. आम्ही बोलताना असंच बोलतो. लिहिणाऱ्याने तुमचं ऐकावं.

तळटीप
थोडं अवांतर. पुढे जाणाऱ्या रोटरची एक बाजू हवेला सामोरी जाते, दुसरी पळ काढते. त्यामुळे दोन बाजूंच्या लिफ्टमध्ये फरक पडतो. हुआन दे ला सिएर्वाची सुरुवातीची ऑटोजायरो याच कारणाने आडवी पडत. त्याने पात्यांना वर-खाली हलू देणारी बिजागरी दिली आणि १९२३ साली सी.४ नीट उडालं. @गरगरीत, तुम्ही पात्याचा फ्लॅपिंग काढून फक्त ब्लेड एलिमेंट (पात्याचे तुकडे करून प्रत्येकावरचं बळ मोजायची पद्धत) घातलंत तर तुमच्या पडद्यावरही यंत्र आडवं पडेल. फ्लॅपिंग असलं की तोच फरक नाक वर करण्यात बदलतो, जे काकांनी वर सांगितलंय.

सिम्युलेटरचा इतिहासही लिहूनच टाकतो. मायक्रोसॉफ्टच्या मालिकेत हेलिकॉप्टर पहिल्यांदा आलं फ्लाइट सिम्युलेटर ९८मध्ये, बेल २०६बी. २०२०च्या आवृत्तीत सुरुवातीला नव्हतंच. नोव्हेंबर २०२२मध्ये बेल ४०७ आणि काब्री जी२ आली. एक्स-प्लेनमध्ये ब्लेड एलिमेंटची पद्धत पहिल्यापासून. डीसीएसमध्ये २००८ला केए-५०, २०१३ला ह्युई आणि एमआय-८. फ्लाइटगिअर मुक्त आहे, त्यातल्या यासिम (YASim) या उड्डाणगणिताच्या भागात रोटरचं गणित कोणालाही उघडून वाचता येतं. बीओ१०५ तिथेच बघा. नवीन लिहिणाऱ्याला त्याहून चांगली शाळा नाही.

मी_ढग
बीओ१०५चं नाव निघालं म्हणून. ते तर लूपसुद्धा मारतं म्हणतात. मग तेवढी स्टिक आर२२ला दिली तर?

त्रिज्या
तर जिवावर बेतेल. बीओ१०५चा रोटर बिजागरीशिवायचा, कडक. पातं वर उचललं की ते हबला (पाती जोडलेल्या मधल्या भागाला) थेट मुरड देतं, त्यामुळे धड डिस्कबरोबर लगेच वळतं. आर२२चा रोटर सीसॉसारखा झोका घेणारा. तिथे डिस्क कलली तरी धड वळवणारी गोष्ट फक्त थ्रस्टची दिशा. थ्रस्टच नसेल, म्हणजे स्टिक झटकन पुढे ढकलून तुम्ही लो-जी (यंत्र क्षणभर जवळपास वजनरहित) केलात, तर सायक्लिकला काही पकडच उरत नाही. त्याच वेळी टेल रोटर मात्र रेटत असतो आणि धड उजवीकडे रोल होतं. पायलट घाबरून डावीकडे स्टिक मारतो, डिस्क कलते, धड येत नाही, आणि हब मास्टवर, म्हणजे रोटरच्या उभ्या दांड्यावर, आदळतो. मास्ट बंपिंग ते हेच. उपाय म्हणजे आधी स्टिक हळूच मागे, रोटरवर वजन परत आलं की मगच रोल सावरायचा.

म्हणून दोन्ही यंत्रांना एकच 'रोल वेग गुणिले स्टिक' असं सूत्र लावणारं मॉडेल मी लगेच बंद करते.

सॉकेटरिंच
गणितवाल्यांनो, हातात काय आहे तेही बघा. खऱ्या यंत्रातली सायक्लिक मांड्यांच्या मधून वर आलेली लांब दांडी असते, टोकाचा प्रवास मोठा. टेबलावरची जॉयस्टिक वीतभराची. तोच सगळा प्रवास एवढ्याशा जागेत कोंबलेला, म्हणून प्रत्येक यंत्र 'चपळ' वाटतं. त्यात मधली स्प्रिंग! हेलिकॉप्टरला 'मध्य' असा नसतोच. हॉवरमध्ये स्टिक एकीकडे, ८० नॉटला दुसरीकडे. स्प्रिंग सतत तुमच्याशी भांडत राहते.

मी केलं ते असं: स्प्रिंग काढली, तिच्या जागी घर्षणाचे वॉशर बसवले, दांडीला पाइप जोडून लांब केली आणि स्टिक टेबलावरून खाली, गुडघ्यांच्या मधे आणली. डेडझोन शून्य. कर्व्ह सरळ. बरेच जण कर्व्ह देऊन मधला भाग मऊ करतात, पण मग ट्रिम मध्याबाहेर गेली की स्टिकचा स्वभावच बदलतो. स्प्रिंग काढायची हिंमत नसेल तर फोर्स ट्रिमचं (स्टिक आहे तीच जागा मध्य धरणारं) बटण तरी लावा.

थ्रॉटलची दांडी कलेक्टिव्ह म्हणून वापरणाऱ्यांनी ती उलटी करून घ्या. कलेक्टिव्ह वर ओढला की शक्ती वाढते. थ्रॉटलमध्ये पुढे ढकलल्यावर. घाईच्या क्षणी हात चुकीचंच करतो.

भिरभिरे
घरच्यांनी विचारलं, पाइप कशाला कापतोयस? म्हटलं, लिफ्टच्या दोन बाजूंतला फरक मिटवतोय. आता घरात बोलणं बंद आहे.

वाचनमात्र
व्हीआर चष्म्याने फरक पडतो का?

सॉकेटरिंच
पडतो. हॉवर जमतो कारण मान वळवून बाजूची जमीन दिसते. नाकाखालच्या जमिनीकडे न बघता लांब बघायचं, हे सपाट पडद्यावर कळतच नाही. फक्त फ्रेम रेट पडला तर चष्मा काढून ठेवा, उशिराने दिसणारा हॉवर कोणालाच जमत नाही. व्यावसायिक सिम्युलेटरच्या सर्वांत वरच्या लेव्हल डी दर्जालासुद्धा उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंदांची असते. घरी स्टिक, गणित, चित्र आणि पडदा मिळून ती सहज ओलांडली जाते.

मी_ढग
आता माझी तक्रार. एका विकतच्या हेलिकॉप्टरमध्ये उतरणीचा वेग ३०० फूट प्रति मिनिट झाला रे झाला की व्होर्टेक्स रिंग (रोटर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडणं). २९० ला शांत, ३१० ला दगड. बनवणाऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं, पुस्तकात तसंच आहे.

शेपूटपंखा
पुस्तकातलं ३०० हा पायलटने पाळायचा सुरक्षित आकडा आहे, निसर्गाचं बटण नाही.

त्रिज्या
त्याचा हिशेब करता येतो. हॉवरमध्ये रोटर हवा किती वेगाने खाली ढकलतो? थ्रस्ट भागिले (दुप्पट घनता गुणिले डिस्कचं क्षेत्रफळ), त्याचं वर्गमूळ. आर२२चं पूर्ण वजन ६२१ किलो, रोटरची त्रिज्या ३.८४ मीटर. उत्तर ७.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण १४४० फूट प्रति मिनिट. सरळ खाली उतरताना या वेगाच्या निम्म्याच्या आसपास थरथर आणि डगमग वाढू लागते, त्या वेगाजवळ सर्वांत वाईट अवस्था, आणि त्याच्या दुपटीपलीकडे रोटर पवनचक्कीसारखा चालू लागतो. एमआय-८चं वजन ११,१०० किलो, रोटरचा व्यास २१.३ मीटर. तिथे हाच वेग २२०० फूट प्रति मिनिट येतो. मग दोघांना ३००चा एकच आकडा कसा चालेल?

शिवाय हे एकदम चालू-बंद होत नाही. पुढचा वेग थोडा असला की भोवरा मागे वाहून जातो. चांगल्या मॉडेलमध्ये क्लॉड व्ह्युशारची पद्धत चालली पाहिजे: कलेक्टिव्ह वर, पेडलने नाक सरळ आणि सायक्लिक टेल रोटर ज्या दिशेला रेटतो त्या दिशेला. म्हणजे रोटर भोवऱ्याच्या कडेतून बाजूला निसटतो. बटणवाल्या मॉडेलमध्ये कलेक्टिव्ह वर केला की फक्त आणखी खाली जाता.

उंटावरचा
हे मात्र पटलं. बटण लागलं की मजाही जाते.

गरगरीत
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काही दिवस बसून हे केलं: टेल रोटर खरं बळ झाला, ड्रॅग कापला, डिस्क वेगळी वस्तू झाली आणि तिला फ्लॅपिंग दिला. डावं स्किड खाली लटकतंय! @भिरभिरे, स्टिक सोडली की उलटं होत नाही. आधी बरं राहतं, मग हळूहळू डोलायला लागतं, दर झोक्यात जास्त. हे बरोबर आहे ना?

नवी अडचण: पाती एकेक करून मोजायला गेलो तर यंत्र मधेच अचानक आकाशात फेकलं जातं.

शेपूटपंखा
डोलणं अगदी बरोबर. हॉवर मुळातच अस्थिर, पण संथपणे. झोका दहा-वीस सेकंदांचा असतो, म्हणून माणसाला सावरता येतो.

फेकलं जाण्याचं कारण बहुधा फ्रेम. ५३० आरपीएमला पातं सेकंदाला ३१८० अंश फिरतं. ६० फ्रेमला एका फ्रेममध्ये ५३ अंश! पातं उजवीकडून निघतं आणि पुढच्या हिशेबाला नाकापर्यंतची निम्म्याहून जास्त वाट संपवलेली असते. रोटरचं गणित चित्रापासून सोडवा आणि प्रत्येक फ्रेममध्ये दहाएक छोट्या पायऱ्या घ्या. किंवा पाती मोजूच नका, डिस्कवर गोलाकार बारा ठिकाणी हिशेब करून सरासरी काढा. हलक्या यंत्राला तेवढं पुरतं; फक्त दोन पात्यांची ती फेरीगणिक दोनदा येणारी थरथर वेगळी घालावी लागेल.

त्रिज्या
आणि खाली ढकलल्या जाणाऱ्या हवेलाही थोडा उशीर द्या. कलेक्टिव्ह झटकन ओढला की क्षणभर थ्रस्ट जास्त मिळतो, मग हवेचा प्रवाह जमला की उतरतो. पिट आणि पीटर्स यांचं १९८१चं मॉडेल त्यासाठीच आहे, तीन समीकरणं फक्त. ग्राउंड इफेक्ट त्यातच जोडता येईल. चीझमन-बेनेटचं सूत्र सोपं आहे: रोटर जमिनीपासून एक त्रिज्या उंचीवर असेल तर तेवढ्याच शक्तीत सुमारे ७ टक्के जास्त थ्रस्ट, दोन त्रिज्यांवर दीड टक्क्याच्या आसपास. उंची रोटरची धरा, स्किडची नव्हे. स्किडपासून मोजून अनेकांचं यंत्र जमिनीजवळ चेंडूसारखं उसळतं.

डावापेडल
आता आरपीएम मोकळा सोडा. तो कायम एकच ठेवलात तर निम्मं हेलिकॉप्टर घरी राहिलं. आर२२चा रोटर हलका. इंजिन गेलं की कलेक्टिव्ह खाली करायला एक-दीड सेकंद मिळतो, फार तर. जुन्या बेलच्या जड पात्यांत त्यामानाने सवड असते.

परीक्षा अशी घ्या. इंजिन बंद करा. कलेक्टिव्ह खाली, ६५ नॉट धरा. आरपीएम सावरला पाहिजे. जमिनीजवळ नाक वर करून फ्लेअर केला की आरपीएम वाढला पाहिजे, आणि शेवटी कलेक्टिव्ह ओढला की यंत्र क्षणभर तरंगून आरपीएम कोसळला पाहिजे. दुसऱ्यांदा ओढायला काही शिल्लक नको. ऑटोरोटेशनसाठी वेगळा कोड लिहिला असेल तर मला खोटं वाटतं. खालून येणाऱ्या हवेने पाती आपोआप फिरली पाहिजेत.

गरगरीत
वेगळा कोड नाही, फिरली! पहिल्यांदा बघून खुर्चीतून उठलो. फ्लेअरला आरपीएम चढतो, शेवटी तरंगतं, बसतं. बसतं म्हणजे जरा आपटतं.

उरलंय ते टेल रोटर. हॉवरमध्ये पेडलने सावकाश गोल फिरवतो तर वारा कुठूनही असला तरी सारखंच फिरतं.

डावापेडल
हे तसं नको. वारा मागून आला की शेपूट वाऱ्याच्या पाठीला जायला बघते, नाक आपसूक वाऱ्याकडे वळू लागतं आणि वेग धरतं. तिथे पाय आधीच तयार ठेवावा लागतो.

त्रिज्या
त्यासाठी उभ्या पंखाला आणि धडाला बाजूचा वारा लागू द्या. मग दोन गोष्टी आणखी. डावीकडून वारा आला की टेल रोटर स्वतःच्याच भोवऱ्यात सापडतो आणि रेटा खालीवर होतो. डाव्या बाजूने समोरून, साधारण २८५ ते ३१५ अंशांतून आला की मुख्य रोटरचा भोवरा नेमका टेल रोटरवर जातो. टेल रोटरच्या रेट्याला वाऱ्याच्या कोनानुसार एक कोष्टक लावा, सुरुवातीला पुरेल.

गरगरीत
कोष्टक करतो. वारा किती नॉटपर्यंत धरू?

त्रिज्या
१०पासून ३०पर्यंत. पूर्ण ३६० अंश, पाच-पाच अंशांनी. आणि घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या रोटरसाठी सगळी चिन्हं उलटी करायची सोय आत्ताच ठेवा, नाहीतर उद्या काब्री आणि गझेलवाले 'उजवा पाय का चालत नाही' म्हणून धागा वर काढतील.